कुठून बोलताय?

जालन्याजवळच्या एका कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वह्या माझ्याकडे आल्या त्या एका साध्या कामासाठी. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर कॉम्प्युटरवर घ्यायचे, म्हणजे मृगाच्या आधी सरकी आली, खताची गाडी लागली की सगळ्यांना एकदम मेसेज टाकता येईल. नावं, गावं, बाक्या भराभर चढल्या. नंबरांच्या रकान्यापाशी काम अडलं. मी छत्रपती संभाजीनगरात राहून दुकानदार, दूध संस्था, जिनिंगवाले यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. माणसांबद्दल आपण जी माहिती साठवतो, तिच्यात फोन नंबराइतकी गृहीत धरलेली आणि तरीही इतक्या इतिहासानं भरलेली दुसरी गोष्ट मला दिसलेली नाही.

वह्या दुकानदाराच्या वडिलांच्या हातच्या. सगळ्यात जुन्या पानांवर पाच आकडी नंबर आहेत. पुढे तेच नंबर सहा आकडी झालेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक २ नंतरच्या शाईनं जोडलेला. मग मध्येच ९५२४० ने सुरू होणारे लांबलचक नंबर येतात, आणि त्यानंतर मोबाइल. आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात काही ना काही लिहिलेलं: "पी. पी.", "शेजारी डेअरी", "रात्री ८ नंतर", "मुलगा, पुणे", एका ठिकाणी नुसतंच "मोटर". कुठे दोन नंबर आहेत, मधे तिरकी रेघ आणि दुसऱ्याचे फक्त शेवटचे दोन आकडे, कारण बाकीचे पहिल्यासारखेच.

ज्यानं हे लिहिलं त्याच्यासाठी यात काहीही अपुरं नव्हतं. जालन्यात बसून जालन्याचा नंबर लिहिताना ०२४८२ हा गावाचा कोड कोण लिहील? पी. पी. म्हणजे काय हे तर त्या पिढीला सांगावंच लागत नव्हतं. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे ती दोन अक्षरं लिहायची. लग्नपत्रिकांवर, पावत्यांवर ती सर्रास छापलेली असत. फोन उचलणारा एक, बोलणारा दुसरा, आणि मधे "थांबा, बोलावतो" म्हणून कुणीतरी गल्लीत धावलेलं. जोडलेल्या २ चंही कारण आहे. लँडलाइनमध्ये खासगी कंपन्या आल्या, तेव्हा नंबर कुणाच्या जाळ्यातला आहे हे पहिल्या आकड्यावरून कळावं म्हणून सरकारी फोनांच्या पुढे २ लागला. आणि ९५ म्हणजे ती मधली काही वर्षं, जेव्हा राज्यातल्या राज्यात एसटीडी, म्हणजे दुसऱ्या गावी थेट फोन, लावताना शून्याच्या जागी ९५ लावलं की दर कमी पडायचा. म्हणजे ९५२४० चा अर्थ, औरंगाबादला स्वस्तात लावायचा फोन. आज कुणी नुसता आकडा पाहिला तर त्याला तो मोबाइल वाटेल, कारण ९५ ने सुरू होणारे मोबाइलही आहेत.

हे सगळं सॉफ्टवेअरला समजावायचं म्हणजे पार्स करायचं, आणि समजल्यावर ते पुन्हा माणसाला वाचता येईल असं मांडायचं म्हणजे फॉरमॅट करायचं. दोन्ही कामं प्रोग्रामर लोक दुपारच्या जेवणाआधी उरकायची म्हणून हातात घेतात.

पहिला घोटाळा साठवणुकीतच होतो. फोन नंबर आकड्यांनी लिहितात म्हणून त्याला संख्या समजायचं आणि डेटाबेसमध्ये पूर्णांकाच्या रकान्यात टाकायचं. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. आपला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा, म्हणजे एकही मावत नाही. लँडलाइनची गंमत बघा. पुण्याचा कोड २०, दिल्लीचा ११, त्यामुळे तिथले दहा आकडी नंबर मावतात. छत्रपती संभाजीनगरचा कोड २४०, जालन्याचा २४८२, नांदेडचा २४६२, लातूरचा २३८२. आपल्याकडचा एकही मावत नाही. पुण्यातल्या ऑफिसात बसून कुणी स्वतःच्या ऑफिसचा लँडलाइन नंबर टाकून चाचणी घेतली तर सगळं ठीक दिसणार, आणि तेच सॉफ्टवेअर परभणीत आलं की मोडणार. मायएसक्यूएल हा डेटाबेस जुन्या, सैल सेटिंगवर चालत असेल तर तक्रारही करत नाही. न मावणाऱ्या संख्येच्या जागी ती सगळ्यात मोठी संख्या गुपचूप ठेवून देते. एखाद्या यादीत शेकडो लोकांचा नंबर २१४७४८३६४७ असा एकसारखा दिसला, तर तो कुणाचाच नंबर नसतो. त्या सगळ्या माणसांचे खरे नंबर तिथे पुसले गेलेले असतात, कायमचे.

एक्सेलचंही तसंच. ०२४८२ टाइप केलं की पुढचं शून्य जातं. अधिक चिन्ह लावून ९१ सकट नंबर टाकला की चिन्ह जातं आणि बारा आकडे ९.१९ई+११ असे आकसून दिसतात. ती शीट कुणी सीएसव्ही, म्हणजे साधी मजकूर फाइल, करून पाठवली की त्या आकसलेल्या रूपातच पुढे जाते, आणि मागचे आकडे परत आणायला कुठलाही उपाय उरत नाही. मी आता कुणाचीही शीट घेण्याआधी एकच विनंती करते, नंबरांचा रकाना आधी टेक्स्ट करा. फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही, सरासरी कुणी काढत नाही. तो मजकूर म्हणूनच ठेवायचा.

आता मूळ मुद्द्यावर येते. फोन नंबर पार्स करायला गूगलनं खुली केलेली एक लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, आहे, लिबफोननंबर. जावा, सी प्लस प्लस आणि जावास्क्रिप्ट अशा तीन रूपांत ती मिळते आणि अँड्रॉइड फोनांच्या आतही तीच काम करते. जगातल्या देशांचे नंबर कसे असतात, किती आकडी, कशानं सुरू होतात, कुठे जागा सोडून लिहितात, याची मोठी नोंदवही तिच्यासोबत येते आणि देशोदेशीचे नियम बदलतील तशी ती अद्ययावत होत राहते. या लायब्ररीतल्या पार्स करणाऱ्या फंक्शनला दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक, लिहिलेला नंबर. दुसरी, तो कोणत्या देशात बसून लिहिला आहे. ही दुसरी गोष्ट बहुतेक लोक नमुना कोडमधून उचलतात आणि तिच्याकडे परत बघत नाहीत. माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे.

घरी लँडलाइन वाजला की आपल्याकडची मोठी माणसं आधी विचारायची, "कुठून बोलताय?" नाव नंतर. नंबराच्या बाबतीतही हाच प्रश्न पहिला आहे. अधिक चिन्हानं सुरू होणारा नंबर असेल तर तो हा प्रश्न स्वतःच सोडवतो. ते चिन्ह म्हणजे "तुमच्या देशातून परदेशी फोन लावताना जे काही आधी लावतात ते". भारतातून ते ००, अमेरिकेतून ०११. त्यानंतर देशाचा कोड, मग देशातला नंबर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीनुसार हे सगळं मिळून जास्तीत जास्त १५ आकडे. असा नंबर जगात कुठूनही वाचला तरी अर्थ तोच. मात्र हे चिन्ह फार नाजूक आहे. वेब पत्त्यात ते जसंच्या तसं गेलं तर पलीकडे पोचताना त्याची मोकळी जागा होते. आणि ते हरवलं की नंबराचं ठिकाण हरवलं.

त्यानंतर जो प्रकार घडतो तो मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. कुणीतरी ठरवतं की नंबर ९१ ने, म्हणजे भारताच्या कोडानं, सुरू झाला तर ते दोन आकडे काढून टाकायचे. पण ९१ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर आपल्या आसपास भरपूर आहेत. त्यांचे पहिले दोन आकडे उडाले की आठ उरतात, आणि त्या माणसाला पुन्हा कधीच कुठला मेसेज जात नाही. लिबफोननंबर इथे सावधपणे वागते. आहे तसा नंबर त्या देशाच्या नियमात बसत असेल तर हात लावत नाही. बसत नसेल आणि पुढचा कोड काढल्यावर बसत असेल, किंवा नंबर लांबीलाच जास्त असेल, तरच काढते.

पण वहीतले सहा आकडी नंबर? लायब्ररीला मी भारत सांगितलं तरी ते अपुरेच राहतात. ती इतकंच म्हणू शकते की हा नंबर फक्त स्थानिक लावण्यापुरता शक्य आहे. तसं उत्तर तिच्यात आहे आणि ते प्रामाणिक आहे. पुढचं काम माझं होतं, कारण देश सांगून भागत नव्हतं, तालुका सांगावा लागत होता. जालना शहराचा कोड वेगळा, अंबडचा वेगळा, परतूरचा वेगळा. दुकान जालन्याचं, पण गिऱ्हाईक अंबडकडच्या गावचं असेल तर त्यानं सांगितलेले सहा आकडे कुठले? वहीत गावाचं नाव होतं म्हणून सुटलं. गाव नसतं तर सुटलं नसतं. त्या अर्थानं वहीतला गावाचा रकाना हा नंबराचाच भाग होता, तो वेगळ्या तक्त्यात टाकून दोघांची ताटातूट करणं मला जमेना.

एसटीडी कोडांची रचना मला सुंदर वाटते. कोड आणि नंबर मिळून नेहमी दहा. मुंबईचा कोड दोन आकडी, मग नंबर आठ. छत्रपती संभाजीनगरचा तीन, नंबर सात. जालना, बीड, धाराशिव, हिंगोली यांचे चार, नंबर सहा. मोठं शहर, छोटा कोड. पहिला आकडा देशातला मोठा विभाग सांगतो. आपल्याकडे २, दक्षिणेला कर्नाटक-तेलंगणात ८. आता हे जवळ ठेवून बघा: नांदेड ०२४६२, निजामाबाद ०८४६२. जालना ०२४८२, बिदर ०८४८२. चारही गावं १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. देगलूर, धर्माबादच्या बाजारात आजही दोन्हीकडची माणसं एका काट्यावर उभी असतात, सोयरीक दोन्हीकडे असते. नंबर लिहिताना एका आकड्याची गफलत झाली तर फोन राज्याबाहेर जातो. वर ८४८२ ने सुरू होणारे दहा आकडे शून्याविना लिहिले असतील तर तो बिदरचा लँडलाइन की मोबाइल, हे पुढचा आकडा पाहूनच ठरवावं लागतं. लायब्ररीच्या भारताच्या नोंदी इतक्या लांब का आहेत, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. दुकानांच्या पाट्या, शिक्के, पोर्टलवरच्या याद्या बदलल्या. ०२४० आणि ०२४७२ बदलले नाहीत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा की कोडावरून गावाचं नाव दाखवायचं असेल तर ते नाव प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नये, बदलता येईल अशा तक्त्यात ठेवावं.

एसटीडीचीही एक गोष्ट सांगते. ऑपरेटरच्या मदतीशिवाय दुसऱ्या गावी थेट फोन लावायची सोय भारतात पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली. त्याआधी ट्रंक कॉल बुक करायचा आणि एक्स्चेंजमधल्या माणसाला सांगायचं, अमुक गावी अमुक नंबर. त्यानंतरही लहान गावांत स्वयंचलित एक्स्चेंज यायला कितीतरी काळ गेला. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, तिनं उकाड्यात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय टिकणारं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं, तेव्हा कुठे तालुक्याच्या खालच्या गावांत डायल टोन आला. ऑपरेटर असेपर्यंत पार्सिंगचं काम माणूस करत होता. तुम्ही अर्धवट सांगितलं तर तो उलट विचारायचा. तो गेला आणि उलट विचारणारं कुणी उरलं नाही. आपण लिहिलेल्या फॉर्मनी ते काम करायला हवं होतं. ते लाल अक्षरात "इनव्हॅलिड नंबर" एवढंच म्हणतात.

त्या लाल अक्षरांमागे बहुधा कोडची एक जुनी, छोटी ओळ असते. पहिला आकडा ७, ८ किंवा ९, त्यापुढे कोणतेही नऊ. ती लिहिली तेव्हा खरी होती. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये आली, नंबर आधी ९ ने सुरू व्हायचे, मग ८ आले, ७ आले, आणि नंतर ६ आले. ६ वाला नंबर मिळालेली तरुण मुलं कित्येक फॉर्मांसमोर हताश होऊन बसलेली मी नेट कॅफेत पाहिली आहेत. त्यांच्या हातातला फोन वाजत होता आणि समोरचा पडदा म्हणत होता की असा नंबर नसतोच. दुसरी तशीच ओळ म्हणजे पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी आणि राज्य ओळखणं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ मध्ये देशभर आली, आणि जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर सोबत नेता येतो. पुण्याला गेलेला मुलगा, हैदराबादला गेलेली मुलगी, सगळ्यांचे जुने आकडे त्यांच्यासोबत फिरतात. पहिल्या आकड्यांवरून माणूस कुठे आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर आता फक्त सिम पहिल्यांदा कुठे विकलं गेलं एवढंच सांगतं.

देवनागरी आकड्यांविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे. वहीत जुने नंबर सगळे मराठी आकड्यांत आहेत, नंतरचे मिसळलेले. हाताने लिहिलेला मराठी १ आणि इंग्रजी नऊ एकमेकांसारखे दिसतात. मराठी ४ आणि इंग्रजी आठ तर डोळे बारीक करून बघावे लागतात. मोबाइल नंबर १ ने सुरू होत नाही म्हणून पहिल्या आकड्याचा निकाल लागतो, आणि त्यावरून पूर्ण ओळ कोणत्या लिपीत आहे याचा अंदाज बांधता येतो. पण ज्या ओळीत माणसानं अर्ध्यातून लिपी बदलली तिथे त्याला विचारण्याशिवाय मार्ग नाही. टाइप केलेल्या आकड्यांचा प्रश्न निराळा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, मराठी आकड्यांना त्यांची स्वतःची जागा आहे आणि ते आकडेच मानले जातात. पायथनमध्ये "कोणताही आकडा" म्हणून शोधलं तर मराठी आकडेही सापडतात. जावास्क्रिप्टमध्ये त्याच खुणेनं शोधलं तर फक्त इंग्रजी आकडे सापडतात. म्हणजे तोच नंबर सर्व्हरला चालतो आणि फॉर्मला चालत नाही. लिबफोननंबरची जावा आवृत्ती मराठी आकडे बिनतक्रार वाचते. तिच्या जावास्क्रिप्ट आवृत्तीच्या आकड्यांच्या तक्त्यात, मी वापरली तेव्हा, इंग्रजी होते, चिनी-जपानी टायपातले रुंद आकडे होते, अरबी होते, फारसी-उर्दू होते. देवनागरी नव्हते. मराठवाड्यात उर्दूत नंबर लिहिणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांची सोय झालेली पाहून मला मनापासून बरं वाटलं. तशीच सोय मराठीत लिहिणाऱ्या आजीची का नसावी? मी फॉर्मच्या तोंडाशीच मराठी आकडे इंग्रजीत वळवणाऱ्या चार ओळी टाकते. मराठी कीबोर्ड लावलेल्या माणसाला "फक्त अंक टाका" असं सांगणं, जेव्हा त्यानं अंकच टाकलेले आहेत, हा त्याच्या भाषेचा अपमान आहे आणि मी लिहिलेल्या कुठल्याही फॉर्ममध्ये तो होऊ देणार नाही.

फॉरमॅटिंगला लोक सजावट समजतात. मला ते कानाचं काम वाटतं. लायब्ररी भारतीय मोबाइल पाच आणि पाच असे तोडून दाखवते, आणि डोळ्यानं वाचायला ते चांगलं आहे. पण दुकानाच्या गल्ल्यावर नंबर वाचला जात नाही, बोलला जातो. दुकानदाराची सून फोनवर नंबर सांगते तेव्हा जोड्यांनी सांगते: अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तावन्न. पलीकडचा माणूस जोड्यांनीच परत म्हणतो. पडद्यावर पाच-पाच दिसत असले की तिसऱ्या जोडीत एक आकडा अलीकडे आणि एक पलीकडे जातो आणि ती अडखळते. म्हणून तिच्या पडद्यावर मी नंबर दोन-दोन करून दाखवते. छापील बिलावर पाच-पाच, बाहेर पाठवायच्या फाइलीत अधिक चिन्हासह सलग. आत साठवलेला नंबर एकच. जोडचिन्हं, कंस, ठिपके मी टाकत नाही, नुसती मोकळी जागा पुरते, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ई.१२३ ही लेखनाची शिफारसही मोकळ्या जागेच्याच बाजूची आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. नंबर नियमात बसतो म्हणजे तो लागतो असं नाही, आणि लागतो म्हणजे हवा तो माणूस उचलतो असंही नाही. लायब्ररी पहिल्याच गोष्टीची हमी देऊ शकते. बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या काळात गावातला नंबर बंद असतो, कधी तिकडचं सिम असतं, कधी मुकादमाच्याच नंबरावर सगळ्या टोळीचे निरोप येतात. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. मग पीक विम्याचा, रेशनचा, मुलीच्या शाळेचा मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाला जातो आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तो "पोचला" असतो. ऑनलाइन सेवा केंद्रात सरकारी अर्ज भरताना शेतकऱ्याकडे फोन नसेल तर केंद्रवाला स्वतःचा नंबर टाकतो, कारण त्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. मग एका नंबरावर चाळीस शेतकरी. एक माणूस, एक नंबर हा नियम करणाऱ्यानं पी. पी. ही दोन अक्षरं कधी पाहिली नसावीत. ती पद्धत अजून जिवंत आहे, फक्त लिहायला जागा उरलेली नाही.

आणि काही नंबर माणसांचे नसतातच. वहीतल्या "मोटर" चा उलगडा दुकानदारानं केला. "ताई, ते विहिरीवरच्या स्टार्टरचं सिम हाय. रातच्याला लाइट आली की घरून फोन लावायचा, मोटर चालू." थ्री फेज वीज रात्री मिळते, शेतात जायचं म्हणजे अंधार, साप, चिखल. म्हणून पंपाच्या पेटीत सिमकार्ड. त्या नंबराला सरकी आल्याचा मेसेज पाठवून काय उपयोग? पण तो यादीतून काढायचाही नव्हता, कारण स्टार्टर याच दुकानातून गेला होता आणि दुरुस्तीला तो नंबर लागतो. यंत्रांच्या सिमसाठी भारतात २०१८ पासून १३ आकडी नंबरांची वेगळी व्यवस्था आहे. म्हणजे "भारतीय नंबर दहाच आकडी" हेही आता खरं नाही. तसं ते आधीही नव्हतंच. किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ मोजून बघा, अकरा भरतात. जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीचा १९६२ चार आकडी, अँब्युलन्सचा १०८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ तीन आकडी. शेतकऱ्याच्या उपयोगाच्या नंबरांची यादी करायला एका अॅपमध्ये रकाना दिलेला होता आणि त्या रकान्यानं हे सगळे नंबर नाकारले होते.

त्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये आता प्रत्येक नंबराच्या तीन नोंदी आहेत. पहिली, वहीत होतं तसं, खाडाखोड आणि शेरे धरून, अक्षर न बदलता. लायब्ररीतही मूळ मजकूर सांभाळून पार्स करण्याचं वेगळं फंक्शन आहे, लोक ते फारसं वापरत नाहीत. दुसरी, देशाच्या कोडासह सलग नंबर, जिथे तो खात्रीनं काढता आला तिथेच. तिसरी, कुणाचा आणि कसा: स्वतःचा, मुलाचा, शेजारच्या डेअरीचा, मुकादमाचा, मोटरचा. जिथे खात्री झाली नाही तिथे दुसरा रकाना रिकामा आहे आणि मी तो अंदाजानं भरलेला नाही. दुकानदार दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्यातले चार-दोन नंबर स्वतः लावून बघतो, कुणी उचललं तर नोंद पुरी करतो. "आमच्या तात्यांच्या हातचं हाय, राहू द्या तसंच," असं तो पहिल्या रकान्याबद्दल म्हणाला होता. मीही त्याच कारणासाठी तो ठेवला असता.

नवा नंबर टाकताना फॉर्म आता अडवत नाही. सहा आकडे आले की मराठीत विचारतो, "हा नंबर कोणत्या गावचा?" आठ-नऊ आकडे आले की म्हणतो, "एखादा आकडा राहिला का? तसंच ठेवायचं असेल तर ठेवा." सध्या देगलूर भागातल्या एका दूध संस्थेचं काम हातात आहे. दूध घालणारे काही तेलंगणातल्या गावचे, काही कर्नाटकातल्या. तिथे मी नंबरांच्या आधी गावांची यादी करते आहे, प्रत्येक गावापुढे त्याचं राज्य, तालुका आणि एसटीडी कोड. अजून बरीच गावं बाकी आहेत.